लायसँडर सोलापूरवर: जुने टेहळणी विमान सिम्युलेटरवर उडवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या प्रोग्रॅमवर, नव्याने बसणाऱ्याने सुरुवात कोणत्या विमानापासून करावी, असे कोणी विचारले तर मी वेस्टलँड लायसँडरचे नाव घेतो. बहुतेक नवशिके जेट निवडतात, दोन मिनिटांत शहर मागे पडते, खालचे काहीही ओळखू येत नाही आणि आठवड्याभरात उत्साह मावळतो. लायसँडरचे काम मुळातच खाली पाहण्याचे होते. ते सावकाश उडते, छोट्या जागेत उतरते आणि वैमानिकाला जमीन नीट वाचायला शिकवते. मात्र त्याच्या स्वभावात एक धोकादायक खोड आहे. ती माहीत नसेल तर पडद्यावरचे विमान वारंवार कोसळते आणि का कोसळले हेही समजत नाही. म्हणून या लेखात विमान निवडण्यापासून सोलापूरच्या परिसराची हवाई छायाचित्रे जोडण्यापर्यंतचा क्रम दिला आहे आणि त्या खोडीसाठी मुद्दाम जास्त जागा ठेवली आहे.

आधी विमानाची ओळख

लायसँडरचे पहिले उड्डाण १५ जून १९३६ रोजी झाले. इंग्लंडमधील येओव्हिल येथील वेस्टलँड कंपनीने ब्रिटिश लष्कराशी सहकार्य करणाऱ्या तुकड्यांसाठी ते बनवले होते. शत्रूच्या हालचाली पाहणे, तोफांच्या माऱ्याला दिशा देणे, निरोप पोचवणे आणि जमिनीवर दोन काठ्यांमध्ये ताणलेल्या दोरीवरील निरोपाची पिशवी पोटाखालच्या आकड्याने उचलणे अशी कामे त्याच्याकडून अपेक्षित होती. पंखांचा विस्तार ५० फूट, लांबी साडेतीस फूट, कमाल वेग ताशी सुमारे २१२ मैल आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांना पुरेशी उचल मिळत नाही आणि विमान खाली पडू लागते तो वेग, ताशी सुमारे ६५ मैल. यातला शेवटचा आकडा नवशिक्याने लक्षात ठेवावा, कारण विमानाची सारी उपयुक्तता त्या संथपणात आहे.

हा संथपणा पंखांच्या पुढच्या कडेला बसवलेल्या स्लॅटांमुळे, म्हणजे सरकणाऱ्या अरुंद पट्ट्यांमुळे, शक्य होतो. वेग कमी होऊन विमानाचे नाक वर उचलले गेले की हवेच्या दाबामुळे स्लॅट आपोआप पुढे सरकतात. आतील बाजूचे स्लॅट फ्लॅपला, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या झडपांना, जोडलेले असल्याने त्यांच्याबरोबर फ्लॅपही उतरतात. वैमानिकाला फ्लॅपसाठी वेगळी कळ ओढावी लागत नाही. वेग वाढला की सर्व काही पुन्हा जागेवर जाऊन बसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी याच संथपणाची किंमत मोजावी लागली. मे आणि जून १९४० मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पाठवलेल्या १७५ लायसँडरपैकी ११८ गमावली गेली. जर्मन लढाऊ विमानांपुढे दिवसाउजेडी टेहळणी करणे या विमानाला परवडणारे नव्हते. पुढे तेच विमान रात्री, चांदण्याच्या आधाराने, फ्रान्समधल्या शेतांत गुप्त हस्तक उतरवण्यासाठी आणि परत आणण्यासाठी वापरले गेले. त्यासाठी डाव्या बाजूला कायमची शिडी आणि पोटाखाली १५० गॅलनची जादा टाकी बसवली होती.

भारतीय वाचकाला या विमानाशी आणखी एक नाते आहे. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला १९४१ मध्ये लायसँडर मिळाली. स्क्वाड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली १९४२ च्या फेब्रुवारीत ही तुकडी ब्रह्मदेशात टौंगू येथे पोचली. टेहळणीसाठी बनलेल्या या विमानांवर तिथे २५० पौंडी बॉम्ब लावून जपानी विमानतळांवर हल्ले केले गेले. मजुमदार यांना पुढे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. दिल्लीच्या पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात एक लायसँडर ठेवलेले आहे. तिकडे जाणे झाले तर त्याच्या चाकांवरची मोठी आवरणे आणि बुडाशी निमुळते होत गेलेले पंख जवळून पाहून घ्यावेत. प्रतिकृती पारखताना ती नजर कामी येते.

सिम्युलेटर आणि विमान निवडणे

ज्यांना पैसे न घालता सुरुवात करायची आहे त्यांनी फ्लाइटगिअर घ्यावा. तो मुक्तस्रोत आहे, विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावरही बऱ्यापैकी चालतो. एक्स-प्लेनमध्ये विमानाच्या प्रत्येक भागावर हवेचा परिणाम मोजून उड्डाणाचे गणित केले जाते, त्यामुळे जुन्या विमानांचे स्वभाव त्यात चांगले उतरू शकतात. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये उपग्रहचित्रांवरून उभी केलेली जमीन दिसते, जी टेहळणीच्या सरावाला फार उपयोगी पडते. पण त्यासाठी चांगले ग्राफिक कार्ड आणि भरपूर इंटरनेट लागते. मोबाइलच्या डेटावर तो चालवण्याचा विचार करू नये.

या सिम्युलेटरांसाठी विमाने तयार करणारे हौशी कारागीर आणि छोट्या कंपन्या जगभर आहेत. उतरवून घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे, ते विमान तुमच्याच सिम्युलेटरच्या तुमच्याच आवृत्तीसाठी बनवले आहे का. जुन्या सिम्युलेटरसाठी बनवलेले विमान नव्यात ढकलले तर ते बाहेरून देखणे दिसते, पण आतले काटे हलत नाहीत किंवा उड्डाणाचे गणित फसवे निघते. दुसरी म्हणजे, सोबत पुस्तिका आहे का. तिसरी आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची म्हणजे, स्लॅट खरोखर आपोआप चालतात का. ज्या प्रतिकृतीत फ्लॅपसाठी बटण दाबावे लागते, ती रंगकामात कितीही सरस असली तरी लायसँडरच्या मूळ कल्पनेलाच चुकली आहे. रंग नंतर बदलता येतात, स्वभाव बदलता येत नाही.

बसवण्याचे काम सोपे आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये विमानाचा संपूर्ण फोल्डर ‘कम्युनिटी’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावा, एक्स-प्लेनमध्ये ‘एअरक्राफ्ट’ फोल्डरमध्ये. फ्लाइटगिअरमध्ये सुरुवातीच्या खिडकीतूनच विमाने उतरवून घेता येतात. झिप उघडल्यावर एका फोल्डरच्या आत त्याच नावाचा दुसरा फोल्डर तयार होतो आणि सिम्युलेटरला विमान सापडत नाही, असे वारंवार घडते. अशा वेळी आतला फोल्डर बाहेर काढावा.

घरची तयारी

सोलापूरच्या उन्हाळ्यात, दुपारी पारा चाळिशीच्या वर असताना, लॅपटॉपवर सिम्युलेटर चालवला तर प्रोसेसर तापतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि ऐन उतरण्याच्या वेळी चित्र अडखळू लागते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी किंवा रात्री सराव करावा आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर, मागची बाजू थोडी उचलून ठेवावा. ज्यांच्या भागात वीज जाते-येते त्यांनी डेस्कटॉपला यूपीएस लावावा, कारण विमान किंवा भूप्रदेश उतरवून घेत असताना वीज गेली तर अर्धवट फाइल पुढे विचित्र अडचणी निर्माण करतात.

जॉयस्टिक साधी चालेल, पण ती मुठीवर फिरणारी असावी, म्हणजे पायाने चालणाऱ्या रडरचे (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या उभ्या झडपेचे) काम तिच्यावर भागवता येते. शेपटीवर बसणारे विमान रडरशिवाय धावपट्टीवर सरळ ठेवता येत नाही. केवळ कीबोर्डवर हे विमान शिकण्याचा खटाटोप मी कोणालाही सुचवणार नाही.

आता सेटिंगमध्ये जाऊन एक काम आवर्जून करावे. एलिव्हेटर म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी झडप, आणि ट्रिम म्हणजे हाताने सतत जोर न देता नाक हव्या त्या जागी टिकवणारी सोय. एलिव्हेटरच्या ट्रिमला, म्हणजे नाक वर आणि नाक खाली या दोन्ही दिशांना, जॉयस्टिकवरची अंगठ्याजवळची दोन बटणे द्यावीत. जॉयस्टिकवर फिरकी असेल तर ती अधिक चांगली. ट्रिम कीबोर्डच्या कोपऱ्यात कुठेतरी ठेवला तर पुढे सांगितलेल्या प्रसंगी हात वेळेवर तिथे पोचत नाही.

इंजिन सुरू करणे आणि जमिनीवर चालवणे

विमान सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावर उभे करावे. शोधण्यासाठी त्याचा संकेत ‘व्हीएएसएल’ असा आहे. धावपट्टी सुमारे दोन किलोमीटर लांब आहे, म्हणजे लायसँडरच्या गरजेच्या कितीतरी पट. श्री सिद्धेश्वर साखर कारखान्याची जी चिमणी विमानांच्या मार्गात येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडण्यात आली, ती तुमच्या सिम्युलेटरच्या भूप्रदेशात अजून उभी आहे का हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. उपग्रहचित्रे कधीची आहेत याचा तो चांगला पुरावा आहे आणि टेहळणी करणाऱ्याला आपल्या नकाशाचे वय माहीत असलेच पाहिजे.

पहिल्या आठवड्यात सिम्युलेटरला इंजिन स्वतः सुरू करू द्यावे. नंतर मात्र पुस्तिका समोर ठेवून हाताने सुरू करावे. इंधनाची कळ उघडणे, प्रायमर पंपाने सिलिंडरांना थोडे इंधन देणे, थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी कळ) किंचित उघडणे, ठिणगी देणारे मॅग्नेटो चालू करणे आणि स्टार्टर दाबणे असा साधारण क्रम असतो. तिसऱ्या आवृत्तीच्या लायसँडरमध्ये ८७० अश्वशक्तीचे ब्रिस्टल मर्क्युरी हे नऊ सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे इंजिन आहे. दुसऱ्या आवृत्तीत ब्रिस्टल पर्सियस होते. ऑइल गरम होईपर्यंत थ्रॉटल वाढवू नये. इंजिनाभोवतीच्या आवरणाच्या मागच्या झडपा जमिनीवर उघड्या ठेवाव्यात, म्हणजे सोलापूरच्या हवेत सिलिंडर तापणार नाहीत.

वेगमापक मैलांत आणि बूस्टचा (इंजिनात ढकलल्या जाणाऱ्या हवेच्या दाबाचा) काटा पौंडांत असतो, त्याची सवय दोन-तीन उड्डाणांत होते. जमिनीवर चालताना नाक वर असते. लायसँडरच्या वैमानिकाची जागा बरीच उंच असल्याने इतर जुन्या विमानांपेक्षा पुढचे जास्त दिसते, तरीही थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे नागमोडी जावे आणि बाजूच्या काचेतून रस्ता पाहत राहावे. वेग चालत्या माणसाच्या वेगापेक्षा फार जास्त नको. ब्रेक जोरात लावले तर शेपूट उचलली जाते.

उड्डाण

ट्रिम पुस्तिकेत दाखवलेल्या उड्डाणाच्या खुणेवर आणावा आणि खूण जागेवर आहे ना, हे डोळ्याने पाहून खात्री करावी. धावपट्टीच्या मध्यरेषेवर विमान सरळ उभे करून थोडे पुढे सरकवावे, म्हणजे मागचे चाक सरळ होते. मग थ्रॉटल तीन-चार सेकंदांत, एकसारखा पुढे न्यावा. नाक एका बाजूला ओढले जाईल. कोणत्या बाजूला, हे पहिल्या धावेत लक्षपूर्वक पाहावे आणि दुसऱ्या धावेत तिथे रडर आधीच तयार ठेवावा. रडरचे टोले छोटे आणि लगेच परत घेतलेले असावेत. मोठा टोला दिला की विमान दुसऱ्या बाजूला झेपावते.

तिसऱ्या आवृत्तीचे पूर्ण भरलेले विमान ५० फुटांची उंची गाठेपर्यंत ३०५ यार्ड, म्हणजे सुमारे २८० मीटर अंतर घेते असा आकडा नोंदवला जातो. तो सामान्य हवामानातला आहे. सोलापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांहून थोडा उंच आहे. तापमान ४० अंश असेल तर तिथली हवा, प्रमाणित हवामानाच्या हिशेबाने, जवळजवळ पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिन आणि पुढचा पंखा (प्रोपेलर) हेही कमी ओढतात, त्यामुळे तेच विमान जास्त धावते. सिम्युलेटरमध्ये तापमान एकदा १५ अंशांवर आणि एकदा ४० अंशांवर ठेवून दोन्ही धावा मोजून पाहाव्यात. पुस्तकातला आकडा आणि मे महिन्यातली धावपट्टी यांतले अंतर तिथे डोळ्यांना दिसते.

संथ उडणे शिकणे

जमिनीपासून निदान तीन हजार फूट उंची गाठल्याशिवाय हा सराव करू नये. विमान सरळ ठेवून थ्रॉटल थोडा मागे घ्यावा आणि उंची टिकवण्यासाठी नाक हळूहळू वर आणत जावे. वेग उतरत असताना बाजूच्या काचेतून पंखाच्या पुढच्या कडेकडे पाहावे. आधी एक फट दिसू लागते, मग ती रुंद होते, मागे फ्लॅप खाली झुकतात आणि विमानाचा तोल किंचित बदलतो. वेग पुन्हा वाढवला की फट बंद होते. ही उघडझाप हाताला ओळखू येईपर्यंत, वेगमापकाकडे न पाहता, पुन्हा पुन्हा करावी. दोन्ही बाजूंचे स्लॅट एकदम उघडले नाहीत तर विमान कलते का, हेही पाहावे. चांगल्या प्रतिकृतीत ते जाणवते.

त्यानंतर विमान स्टॉल होऊ द्यावे आणि ज्या वेगाला ते झाले तो लिहून ठेवावा. त्या आकड्याला १.३ ने गुणले की उतरतानाचा सुरक्षित वेग मिळतो. ६५ मैलांवर स्टॉल झाले तर तो सुमारे ८५ मैल येतो. दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा आपल्या प्रतिकृतीवर स्वतः मोजलेला आकडा जास्त भरवशाचा.

उतरणे, आणि उतरणे रद्द करणे

लायसँडरचा ट्रिम शेपटीचा संपूर्ण आडवा पंखच वर-खाली कलवतो. उतरताना वेग कमी, स्लॅट आणि फ्लॅप बाहेर, अशा अवस्थेत नाक वर धरून ठेवण्यासाठी ट्रिम बराच मागे, म्हणजे ‘नाक वर’ या बाजूला न्यावा लागतो. तसा नेला की विमान शांतपणे उतरू लागते आणि नवशिक्याला वाटते की सर्व ठीक आहे.

आता समजा, धावपट्टीवर काही अडथळा दिसला किंवा उंची जास्त वाटली आणि तुम्ही उतरणे रद्द करून पुन्हा वर जायचे ठरवले. हात सवयीने थ्रॉटल पूर्ण पुढे नेतो. इंजिनाची पूर्ण ताकद आणि मागे नेलेला ट्रिम यांचा एकत्र परिणाम असा होतो की नाक झपाट्याने वर उसळते. काठी (जॉयस्टिक) पूर्ण पुढे ढकलली तरी एलिव्हेटरला ते आवरण्याइतके बळ नसते. काही सेकंदांत विमान स्टॉल होते, आणि सावरायला पुरेल एवढी उंची खाली शिल्लक नसते. खऱ्या लायसँडरच्या वैमानिकांनाही या खोडीची कडक ताकीद दिली जात असे. माझ्याकडे सुट्टीच्या दिवशी शिकायला येणारी मुले हा भाग ऐकून मान डोलावतात आणि पहिल्या रद्द उतरणीत बहुतेक सगळीच थ्रॉटल ठोकतात. म्हणून हे समजून घेण्यापेक्षा हाताला लावून घेणे महत्त्वाचे आहे.

सराव असा करावा. चार हजार फुटांवर एक काल्पनिक धावपट्टी मनात धरावी. ८५ मैलांवर, ट्रिम मागे नेऊन, उतरण्याच्या अवस्थेत विमान स्थिर करावे. मग थ्रॉटल फक्त अर्ध्यापर्यंत न्यावा, इतकाच की विमान खाली जाणे थांबेल. त्याच क्षणी अंगठ्याने ट्रिम ‘नाक खाली’ दिशेला सोडायला सुरुवात करावी. काठीवरचा भार हलका होत गेला की मगच थ्रॉटलचा उरलेला निम्मा भाग पुढे न्यावा. ‘अर्धा थ्रॉटल, ट्रिम पुढे, मग पूर्ण थ्रॉटल’ हा क्रम तोंडाने मोठ्याने म्हणत करावा. वर उंची भरपूर असताना एकदा मुद्दाम चुकीच्या क्रमानेही करून पाहावे, म्हणजे नाक उसळण्याची सुरुवात कशी दिसते ते ओळखू येईल. हा क्रम न अडखळता जमत नाही तोवर जमिनीजवळ उतरण्याचा प्रयत्न करू नये.

प्रत्यक्ष उतरताना धावपट्टीच्या तोंडापर्यंत इंजिन थोडे चालू ठेवावे, शेवटी काठी मागे घेत तिन्ही चाके एकत्र टेकवावीत आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत रडर सोडू नये. चाके टेकली की काम संपले असे वाटून पाय सैल पडतात आणि तिथेच विमान गिरकी घेते.

हे जमले की रात्रीची उतरण करून पाहण्यासारखी आहे. फ्रान्समधल्या शेतांत लायसँडरसाठी फक्त तीन हातबत्त्या उलट्या ‘एल’ आकारात लावत असत. लांब बाजू १५० यार्ड, आडवी बाजू ५० यार्ड. पहिल्या बत्तीजवळ टेकायचे, पुढच्या दोन बत्त्यांपर्यंत थांबायचे, त्यांच्यामधून वळून परत यायचे आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पुन्हा उडायला तयार राहायचे. सिम्युलेटरच्या भूप्रदेशात दिवे ठेवता येत असतील तर मोकळे रान निवडून ही मांडणी करावी.

सोलापूरवर पहिली टेहळणी

पहिल्या फेरीसाठी सिद्धेश्वर तलाव पुरेसा आहे. पाण्यातले मंदिर आणि काठाचा भुईकोट किल्ला यांमुळे तो वरून चटकन ओळखता येतो. जमिनीपासून हजार फुटांवर, म्हणजे उंचीमापकावर सुमारे अडीच हजार फुटांवर, ताशी १०० मैल वेगाने आणि २० अंश कलून तलावाभोवती फेरी घालावी. या वेगाला आणि कलाला वर्तुळाची त्रिज्या सुमारे ५६० मीटर येते आणि एक फेरी ८० सेकंदांच्या आसपास पूर्ण होते. पंख वैमानिकाच्या डोक्याच्या पातळीवर असल्याने वळणाच्या आतल्या बाजूचे मंदिर सतत दिसत राहते. वारा असेल तर वर्तुळ एका बाजूला सरकते. वारा पाठीमागून असताना कल थोडा वाढवावा, समोरून असताना कमी करावा. मंदिरापासूनचे अंतर फेरीभर सारखे राहिले म्हणजे वर्तुळ गोल आहे.

दुसऱ्या फेरीत नकाशा आणि नदी वापरून वाट शोधावी, सिम्युलेटरचा जीपीएस बंद ठेवावा. शहरावरून पश्चिमेला पंढरपूर रस्त्याने गेले की तिऱ्ह्याजवळ सीना नदी लागते. नदी डाव्या हाताला ठेवून प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे जावे. वडकबाळजवळ विजयपूरचा महामार्ग नदी ओलांडतो, तिथे आपण योग्य वाटेवर असल्याची खूण पटते. पुढे हत्तरसंग कुडल येथे सीना भीमेला मिळते. संगमावर एक फेरी घालून पूर्वेकडे वळावे, विजयपूरचा लोहमार्ग गाठावा आणि त्याच्या सोबतीने उत्तरेला होटगी जंक्शनकडे यावे. वाटेत फताटेवाडीचे वीजकेंद्र दुरूनच दिसते. होटगीहून विमानतळ जवळच आहे. मेमधल्या उपग्रहचित्रात सीनेचे पात्र वाळूच्या फिकट पट्ट्यासारखे दिसते, तर पावसाळ्यानंतरच्या चित्रात ते शेतांच्या हिरव्यात हरवते. अशा वेळी नदीपेक्षा तिच्यावरचे पूल शोधावेत.

छायाचित्रे घेणे आणि जोडणे

त्या काळी ब्रिटिश हवाई दलात एफ २४ हा कॅमेरा सर्रास वापरला जाई. त्याचे चित्र पाच इंच बाय पाच इंच असे. त्याला आठ इंची, म्हणजे आठ इंच नाभीय अंतराचे, भिंग लावून जमिनीपासून आठ हजार फुटांवरून सरळ खाली चित्र घेतले, तर उंचीला त्या अंतराने भागून प्रमाण १:१२,००० मिळते. म्हणजे एका चित्रात पाच हजार फूट, सुमारे दीड किलोमीटर लांब-रुंद जमीन मावते. विमानतळाची दोन किलोमीटरची धावपट्टी एका चित्रात मावणार नाही, हे आधीच कळते.

सिम्युलेटरमध्ये सरळ खाली पाहणारा कॅमेरा तयार करावा आणि त्याचा पाहण्याचा कोन पडद्याच्या उंचीत ३५ अंश ठेवावा. आठ इंची भिंगाचा कोन तितकाच येतो. चित्रातला मधला चौरस तेवढा वापरावा. उंचीमापक साडेनऊ हजारांवर ठेवावा, कारण खाली दीड हजार फूट उंच जमीन आहे. लगतच्या दोन चित्रांत साठ टक्के भाग सामाईक असावा, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी दोन हजार फूट पुढे जायचे. जमिनीवरचा वेग ताशी १२० मैल असेल तर विमान सेकंदाला १७६ फूट जाते आणि साधारण साडेअकरा सेकंदांनी बटण दाबावे लागते. इथे एक गोष्ट सांभाळावी. या उंचीवर वेगमापकाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो. वारा नसताना काटा १०० ते १०५ च्या दरम्यान असेल तेव्हा खरा वेग १२० च्या जवळ असतो.

चित्र घेण्याच्या क्षणी पंख समतल हवेत. पाच अंशांचा कल असला तरी आठ हजार फुटांवरून चित्राचा मध्य सातशे फुटांनी सरकतो. म्हणून दिशा सुधारायची असेल तर दोन चित्रांच्या मधल्या वेळात, फक्त रडरच्या हलक्या दाबाने सुधारावी. एक पट्टी पूर्ण झाली की साडेतीन हजार फूट बाजूला सरकून उलट दिशेने दुसरी घ्यावी.

घरी आल्यावर सगळे चौरस एकाच आकाराचे कापून कोणत्याही साध्या चित्र-संपादकात एकमेकांवर ठेवावेत. आधी रस्ते आणि रेल्वेचे रूळ जुळवावेत, शेतांचे बांध नंतर, कारण बांध सगळीकडे सारखेच दिसतात. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात उत्तर दिशा, उंची, वेळ आणि क्रमांक लिहावा. पट्टी जोडताना ज्या दोन चित्रांचा सामाईक भाग कमी भरला असेल, त्यांचे क्रमांक बाजूला लिहून ठेवावेत आणि पुढच्या उड्डाणात तेवढीच पट्टी, त्याच उंचीवरून आणि त्याच दिशेने, पुन्हा घ्यावी.